लेन्सचा आकडा आणि फोटोचा अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या फोटोग्राफी वर्गात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत (तोंड उघडं असताना) मला हे प्रश्न विचारले गेले आहेत. बहुतेक वेळा सुरुवात "कोणती लेन्स घेऊ?" अशी होते आणि खरी अडचण निघते ती "माझा फोटो असा का दिसतो?" ही. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे आहेत.

फोकल लेन्थ म्हणजे काय, थोडक्यात?

दहावीच्या विज्ञानात 'नाभीय अंतर' शिकलात, तेच. खूप लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगाच्या मागे जितक्या मिलिमीटरवर पडते, तो आकडा. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकाऐवजी आठ-दहा भिंगं असतात, पण वापरणाऱ्याला त्याचा त्रास नाही. आकडा लहान असला की खूप काही दिसतं आणि सगळं बारीक दिसतं. आकडा मोठा असला की थोडंच दिसतं, पण मोठं. आडव्या फ्रेममध्ये २४ ची लेन्स साधारण ७४ अंश पाहते, ५० ची ४०, ८५ ची २४ आणि २०० ची जेमतेम १०.

म्हणजे वाइड (लहान आकड्याची) लेन्स वस्तू ताणते आणि टेली (मोठ्या आकड्याची) चपटी करते, बरोबर?

सगळे असंच म्हणतात. मीही वर्गात घाईत असलो की म्हणतो. पण ते अर्धंच खरं आहे, आणि या पानावरचं जवळपास प्रत्येक उत्तर उरलेल्या अर्ध्यावर उभं आहे.

घराच्या गच्चीवर जा. एकाच जागी उभं राहून २४ ने एक आणि २०० ने एक फोटो काढा. मोबाइल असेल तर १एक्स आणि ३एक्स. आता वाइड फोटोचा मधला तुकडा कापून टेलीच्या फोटोइतका मोठा करा. दोन्ही फोटोंत पाण्याच्या टाक्या, तारा, समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकमेकांशी अगदी त्याच प्रमाणात दिसतील. कापलेला फोटो भुरकट असेल, इतकंच.

मग फरक कशाने पडतो? तुम्ही कुठे उभे आहात त्याने. दोन माणसं एकामागे एक दहा मीटर अंतरावर आहेत असं धरा. तुम्ही पहिल्यापासून ५ मीटरवर असाल, तर दुसरा १५ मीटरवर, म्हणून पहिला तिप्पट मोठा दिसतो. तुम्ही मागे जात पहिल्यापासून १०० मीटरवर गेलात तर अंतरं १०० आणि ११०. आता दोघं जवळजवळ सारखेच. या दोन जागांमधला बदल पायांनी केला, लेन्सने नाही. लेन्सचं काम त्या जागेवरून फ्रेम भरून देण्याचं. पण २०० ची लेन्स हातात आली की माणूस आपसूक मागे सरकतो आणि २४ ची आली की पुढे, त्यामुळे श्रेय आणि शिव्या दोन्ही लेन्सला मिळतात.

मोबाइलवर माझं नाक मोठं का दिसतं?

कारण मोबाइल हाताच्या अंतरावर असतो. नाकाचा शेंडा आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर असतं. उभ्या फ्रेममध्ये डोकं आणि खांदे भरायचे असतील तर २४ च्या लेन्सने सुमारे ४० सेंटिमीटरवर यावं लागतं. तिथे नाक ४० वर, कान ५२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक ३० टक्के फुगलेलं. ८५ ने हीच फ्रेम सुमारे १.४ मीटरवरून भरते आणि फरक ९ टक्क्यांच्या खाली येतो. २०० ने ३.३ मीटर, फरक चारहूनही कमी.

अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये हाच हिशोब मांडला गेला: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हा विषय प्लास्टिक सर्जनांना मांडावा लागला, कारण लोक सेल्फी दाखवून नाक कमी करून मागत होते.

म्हणून पोर्ट्रेटला ८५ घ्या म्हणतात का?

हो, पण त्यात एक सामाजिक गोष्टही आहे. दीड मीटर हे आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी उभ्याने बोलण्याचं अंतर. त्या अंतरावरून दिसणारा चेहरा आपल्याला 'खरा' वाटतो, कारण लोकांना आपण तसंच पाहत आलो. ४० सेंटिमीटरवरून चेहरा फक्त आई, बायको, नवरा, मूल किंवा डोळ्यांचे डॉक्टर पाहतात. म्हणूनच २८ किंवा २४ ने अगदी जवळून घेतलेल्या चेहऱ्यात एक तर जिव्हाळा असतो नाहीतर घुसखोरी. २०० चं पोर्ट्रेट सुबक येतं, गालांची हाडं छान दिसतात, पण तो चेहरा रस्त्याच्या पलीकडून पाहिलेला असतो. जाहिरातीला ते चालतं. आजीचा फोटो असा काढू नका.

ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड का येतात?

हा प्रश्न मला नेहमी थोड्या रागानेच विचारला जातो. सुरुवातीच्या वर्षांत एका लग्नात हॉल लहान होता, मागे सरकायला जागा नव्हती, मी २४ लावली आणि बत्तीस जणांचा फोटो काढला. उजव्या टोकाला नवऱ्या मुलाची आत्या. अल्बम गेला आणि तिसऱ्या दिवशी फोन: "आमच्या आत्याबाईंना काय केलंत?" त्या मुळात सडपातळ बाई. फोटोत नव्हत्या.

ही खरोखर वाइडची करामत आहे, अंतराची नव्हे. सपाट सेन्सरवर तिरप्या कोनातून येणारी प्रतिमा कडेला आडवी ताणली जाते. गोल डोकं २४ च्या फ्रेमच्या अगदी डाव्या-उजव्या टोकाला उंचीच्या मानाने सुमारे २५ टक्के रुंद येतं, ३५ ला १२ टक्के, ५० ला ६. लेन्स महाग घेतली म्हणून हे टळत नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर ही किंमत द्यावीच लागते. उपाय: दार उघडून पॅसेजमध्ये जा आणि ३५ किंवा ५० लावा, कडेला थोडी जागा सोडा. तेही शक्य नसेल तर टोकांना उंच, काटकुळे भाचे उभे करा.

५० मिलिमीटर म्हणजे माणसाच्या डोळ्यासारखी लेन्स, हे खरं का?

डोळ्याला फ्रेम नसते, त्यामुळे हे विधान आहे तसं तपासताही येत नाही. ३६ × २४ च्या फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटर, आणि त्याच्या आसपासच्या लेन्सला 'नॉर्मल' म्हणायचा प्रघात पडला. पण त्यामागे एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती फोटो काढण्याची नसून पाहण्याची आहे.

फोटो दहापट मोठा करून ३६ सेंटिमीटर रुंद छापला असं समजा. ५० ने काढलेला असेल तर तो ५० सेंटिमीटरवरून पाहिल्यावर त्यातली खोली अगदी जागेवर दिसते. २४ चा असेल तर २४ सेंटिमीटरवरून पाहावा लागेल आणि २०० चा असेल तर दोन मीटरवरून. प्रत्यक्षात सगळे फोटो आपण हातभर अंतरावर धरूनच पाहतो. म्हणून ५० चा फोटो 'नेहमीसारखा' वाटतो, २४ चा ताणलेला आणि २०० चा दाबलेला. एखादा वाइड फोटो मोठ्या पडद्यावर लावा, नाक जवळजवळ टेकेल इतकं पुढे जा आणि एक डोळा मिटा. कडेची ती आत्याबाईसुद्धा पुन्हा सडपातळ होते. मी करून पाहिलंय. हे त्यांना समजावून सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

सिनेमावाल्यांची ५० आणि माझ्या कॅमेऱ्याची ५० सारखीच का?

लेन्स सारखी, चित्र वेगळं. हा घोळ नीट समजून घ्या, कारण त्यापायी सिनेमाबद्दल बरंच चुकीचं लिहिलं जातं.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू जवळजवळ सगळं ५० च्या एकाच लेन्सने, चटईवर बसलेल्या माणसाइतक्या उंचीवरून चित्रित करत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँही आयुष्यभर लायका कॅमेऱ्यावर ५० लावून फिरले. दोघांची नावं एका वाक्यात घेऊन "५० ची साधी, प्रामाणिक नजर" असं वाचायला मिळतं. पण ब्रेसाँची फ्रेम ३६ मिलिमीटर रुंद होती आणि ओझूंच्या काळातल्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची बोलपटाची फ्रेम सुमारे २२. त्या फ्रेमवर ५० ची लेन्स फक्त २५ अंश पाहते. आपल्या हिशोबात ती ८२ ची झाली, म्हणजे पोर्ट्रेट लेन्स! ओझूंच्या घरांत दारांच्या चौकटी एकमेकींवर इतक्या नीट बसतात, माणसं भिंतीला किंचित चिकटल्यासारखी दिसतात आणि आपण शेजारच्या खोलीतून पाहतोय असं वाटत राहतं, त्याचं एक कारण हे आहे.

उलट दिशेनेही पाहा. 'सिटिझन केन' (१९४१) म्हटलं की छायालेखक ग्रेग टोलंड यांच्या २४ च्या वाइड लेन्सची गोष्ट येते. त्या फ्रेमवर २४ म्हणजे आपल्याकडची ३९-४०. तुमच्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ च्या आसपास असतो, म्हणजे त्या गाजलेल्या वाइडपेक्षा बराच जास्त वाइड. १९४१ च्या प्रेक्षकाला जे अवाढव्य वाटलं, ते आज आपण वरणभाताच्या ताटाचा फोटो काढायला वापरतो त्याच्याहून अरुंद आहे. वाइड म्हणजे काय, हे आकड्यावर थोडं आणि सवयीवर जास्त ठरतं.

आजच्या सिनेमा कॅमेऱ्यांतल्या सुपर ३५ सेन्सरला फुल फ्रेमचा आकडा काढायला साधारण दीडने गुणा. लेन्स दुप्पट ॲनामॉर्फिक (दृश्य रुंदीत निम्मं दाबून टिपणारी) असेल, तर रुंदीपुरता आकडा आधी निम्मा करा. सेटवर फिक्स लेन्सला 'ब्लॉक' म्हणतात, तेव्हा "ब्लॉक आण" ऐकून विटा शोधू नका.

वाइड लेन्सने सिनेमात नेमका काय अर्थ येतो?

'भव्यता' असं छापील उत्तर आहे. मला ते अपुरं वाटतं. वाइडचं खरं काम म्हणजे एकाच चौकटीत दोन-तीन अंतरं एकदम दाखवणं आणि त्यांतला भेद वाढवणं.

'केन'मधलाच प्रसंग घ्या. बर्फाळ गावातलं लाकडी घर. पुढे टेबलाशी आई बसून मुलाला दूर पाठवायच्या कागदांवर सही करते आहे. मध्ये बाप, त्याला हे पटलेलं नाही, पण त्याचं कोणी ऐकत नाही. आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीत, बर्फात खेळणारा तो मुलगा. तिघंही स्पष्ट. आई कॅमेऱ्याजवळ म्हणून मोठी, बाप मधल्यामध्ये, आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय चाललाय तो खिडकीच्या एका तावदानाएवढा. लांबून टेली लावून हेच घेतलं असतं, तर मुलगा आईच्या खांद्याला लागून दिसला असता आणि प्रसंगाचा अर्थच उलटला असता.

शिवाय वाइडला पुढचं-मागचं सगळं स्पष्ट ठेवणं सोपं जातं. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते; आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान. २४ ला एफ ८ ठेवून २.४ मीटरवर फोकस लावला की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. मात्र लेन्सलाच सगळं श्रेय नको. 'केन'मधले काही गाजलेले खोल शॉट एकाच फिल्मवर दोनदा एक्स्पोजर देऊन जुळवलेले आहेत.

वाइडमध्ये वेगही वाढतो. कॅमेऱ्याकडे धावत येणारा माणूस तीन पावलांत दुप्पट होतो. मारामारीत ठोसा वाइडसमोर मारला की तो लागतो. टेलीत तोच ठोसा हवेत हात फिरवल्यासारखा दिसतो.

आणि टेलीने?

टेलीत अंतर गिळलं जातं, म्हणून चालणंही गिळलं जातं. 'द ग्रॅज्युएट' (१९६७) च्या शेवटाकडे नायक चर्चकडे धावत सुटतो आणि कॅमेरा त्याला फार लांबून, लांब टेलीने समोरून पाहतो. तो जिवाच्या आकांताने धावतोय आणि जागचा हलत नाही. स्वप्नात पाय उचलत नाहीत तसं. दिग्दर्शक माइक निकोल्स यांना 'त्याला उशीर होतोय' हे कुणाच्या तोंडी घालावं लागलं नाही.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मध्ये याच गुणाचा वेगळा वापर आहे. वाळवंटातली विहीर, क्षितिजावर मृगजळात थरथरणारा एक काळा ठिपका, आणि तो हळूहळू उंटावरचा माणूस होतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी ४८२ मिलिमीटरची लेन्स वापरली. ती ६५ मिलिमीटर फिल्मच्या रुंद फ्रेमवर होती, म्हणजे आपल्या हिशोबात ३३० च्या आसपास. टेलीमुळे तापलेल्या हवेची मैलभर लांबी एका पडद्यात दुमडली गेली, म्हणून ते मृगजळ एवढं दाट दिसतं. वाइडमध्ये तो ठिपका दिसलाच नसता.

अकिरा कुरोसावा 'सेव्हन समुराई' (१९५४) पासून एका प्रसंगाला अनेक कॅमेरे लावू लागले आणि लांबून टेली वापरू लागले. त्यात नटांचा फायदा होता. कॅमेरा नाकासमोर नसला की माणूस तो आहे हे विसरतो.

पण टेलीची एक खोड आहे: ती पाहणाऱ्याला बाहेर ठेवते. जवळ दिसतं आणि जवळ असल्यासारखं वाटत नाही. पाळत ठेवल्याचे प्रसंग टेलीने का घेतात आणि रस्त्यावर लोकांचे फोटो ३०० ने चोरून काढलेले असले की ते का कळतात, याचं उत्तर तिथे आहे. फोटोतल्या कोणालाही तुमचा पत्ता नसतो. मी स्वतः असे फोटो काढणं सोडलं. बंदी कोणी घातली नव्हती, घरी येऊन पाहिले की कंटाळा यायचा.

टेलीने गर्दी वाढवून दाखवता येते. मग ते खोटं बोलणं नाही का?

दिवे घाटातला वारीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. वळणावळणाने चढणारा रस्ता, पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, तसूभर जागा नाही. हा फोटो दरवर्षी छापून येतो आणि 'भक्तीचा महासागर' ही ओळ त्याच्याखाली तयारच असते. तो लांबून २०० किंवा ३०० ने घेतलेला असतो. दोन दिंड्यांमध्ये ३० मीटरची मोकळी जागा असेल, तर ३०० मीटरवरून त्यांच्या आकारात फक्त दहा टक्क्यांचा फरक दिसतो आणि ती जागा फोटोत नाहीशी होते. रस्त्यावर उतरून पुढच्या दिंडीपासून १० मीटरवर ३५ घेऊन उभे राहा. एक दिंडी १० वर, दुसरी ४० वर, म्हणजे मागची माणसं चौथाई उंचीची. मोकळा रस्ता, सांडलेलं पाणी, चप्पल दुरुस्त करत बसलेला वारकरी, सगळं दिसायला लागतं. तेवढ्यात कोणीतरी "माउली, बाजूला" म्हणून तुम्हालाही ओळीत घेतं.

दोन्ही फोटो खरे आहेत. गर्दी खरोखर प्रचंड असते, आणि मोकळी जागाही खरोखर असते. खोटेपणा सुरू होतो तो फोटो पुरावा म्हणून वापरला की. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत कोपनहेगनच्या दोन वृत्तछायाचित्रकारांनी हे मुद्दाम दाखवून दिलं. तीच माणसं, तीच जागा, एकदा वाइडने आणि एकदा टेलीने. एका फोटोत लोक शिस्तीत अंतर राखून उभे, दुसऱ्यात खेटून. लोकांना "नियम मोडले" म्हणून झोडपायला दुसरा फोटो पुरेसा होता.

माझा साधा नियम असा आहे: गर्दीचा किंवा दोन माणसांमधल्या जवळिकीचा फोटो पाहताना फोटोग्राफर कुठे उभा असेल ते आधी विचारायचं. मागची आणि पुढची डोकी सारख्याच आकाराची असतील, तर तो लांब होता.

एकाच सिनेमात लेन्स हळूहळू बदलत नेल्या आहेत, असं उदाहरण आहे?

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). बारा ज्युरी, एक खोली, उकाडा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी सुरुवातीला वाइड लेन्स आणि डोळ्यांच्या वर कॅमेरा ठेवला, मध्ये कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणला, शेवटच्या भागात तो खाली नेला, आणि हे करताना लेन्सचे आकडे वाढवत नेले. खोली तीच, पण मागची भिंत माणसांच्या पाठीशी येऊन चिकटते आणि खालून पाहिल्यामुळे छतही दिसायला लागतं. श्वास कोंडतो. निकाल लागल्यावर सगळे बाहेर पडतात, तो शॉट पुन्हा वाइड. पाहताना कोणाच्या हे लक्षात येत नाही, आणि म्हणूनच ते काम करतं. सिनेमा आवाज बंद करून दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांनी पाहा, लगेच दिसेल.

मराठी सिनेमात याची उदाहरणं?

एक जुनं आणि एक नवं सांगतो.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आल्यावर तिचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४), दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा पडदाभर क्लोज-अप टेलिफोटो लेन्सने घेतला आहे. भारतीय सिनेमात तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. टेलीच का? साध्या लेन्सने एका डोळ्याने फ्रेम भरायची तर कॅमेरा गालाला टेकवावा लागेल. त्याची सावली पडेल, नट डोळा मिचकावेल, आणि डोळा बटबटीत पण गमतीदार दिसेल. लांबून घेतल्यावर डोळा सपाट, स्थिर आणि थंड येतो. कट्टर धर्मगुरूला हाच डोळा हवा. प्रभातच्या त्या आवारात आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

नवं म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४), छायालेखक मृणाल देसाई. लोकशाहिरावरचा खटला, पण कॅमेरा वकिलाच्या चेहऱ्यावर धावून जात नाही. तो मागे, स्थिर, रुंद चौकट धरून थांबतो, आणि त्या चौकटीत आपल्या तारखेची वाट पाहणारे इतर लोकही बसलेले राहतात. क्लोज-अप घेतला असता तर खटला नायकाचा झाला असता. इथे तो पुकाऱ्यांच्या यादीतला एक राहतो.

झूम करणं आणि ट्रॉलीने जवळ जाणं यात फरक काय? दोन्हीत माणूस मोठाच होतो.

ट्रॉलीत अंतर बदलतं, म्हणून पुढच्या वस्तू बाजूने सरकतात आणि मागचं-पुढचं प्रमाण बदलत जातं. आपण चालत गेल्यासारखं वाटतं. झूममध्ये जागा तीच, फक्त चित्र कापत कापत मोठं होतं. आपण गेलेलो नसतो, आपलं लक्ष गेलेलं असतं.

दोन्ही एकदम उलट दिशेने केलं तर? १९५८ च्या 'व्हर्टिगो'त जिन्याची पोकळी डोळ्यांदेखत लांबत जाते, ते असंच केलं. जिन्याचं लहान मॉडेल आडवं ठेवून. 'जॉज' (१९७५) मध्ये समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या पोलीस प्रमुखाकडे कॅमेरा सरकतो आणि त्याच वेळी झूम वाइड होत जातो. चेहरा साधारण तेवढाच राहतो आणि मागचा किनारा दूर पळतो. वर म्हटलं ना, प्रमाण अंतराने ठरतं, त्याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. वर्गात मी हाच शॉट दाखवतो आणि गच्चीवर जायचे कष्ट वाचतात.

झूमला उगाच हलकं समजू नका. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'बॅरी लिंडन' (१९७५) मध्ये चेहऱ्यापासून सुरू होऊन सावकाश मागे जाणारे झूम आहेत. जागा बदलत नसल्याने दृश्य सपाट राहतं आणि माणूस चित्राच्या चौकटीत विरून जातो. याच सिनेमात मेणबत्तीच्या उजेडातल्या प्रसंगांना मूळ नासासाठी बनवलेली ५० ची एफ ०.७ लेन्स वापरली होती.

मागचं सगळं धूसर करायला टेलीच लागते का?

धूसर दोन गोष्टींनी होतं: फोकसची पट्टी (स्पष्ट दिसणारा भाग) किती पातळ आणि मागचा भाग किती मोठा होऊन दिसतो. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवून एफचा आकडा तोच ठेवला, तर पट्टी २४ ला आणि ८५ ला फारशी वेगळी नसते. पण ८५ मागच्या झाडाचा छोटा तुकडा मोठा करून दाखवते, म्हणून ते जास्त विरघळलेलं वाटतं. ८५ ला एफ १.८ ठेवून दीड मीटरवरून काढलात तर पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. डोळा स्पष्ट, कान गेले. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड ही धूसरता गणिताने रंगवतो, आणि केसांच्या कडेला बऱ्याचदा पकडला जातो. माझं मत विचाराल तर सगळं धूसर करायची हौस थोडी आवरा. माणूस कुठे उभा आहे हेही कधी कधी त्या माणसाइतकंच सांगण्यासारखं असतं.

मंदिराच्या कळसामागे मोठा चंद्र कसा आणायचा?

चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो, म्हणजे सेन्सरवर त्याचा आकार फोकल लेन्थच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका. ५० ला अर्धा मिलिमीटरही नाही, ५०० ला साडेचार. कोजागिरीला मोबाइलवर ठिपका येतो तो यामुळे.

चंद्राचा आकार तुम्ही बदलू शकत नाही, पण कळसाचा बदलू शकता. जी वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावर असते ती चंद्राएवढी दिसते. दोन मीटरचा कळस असेल तर २२० मीटर मागे जा, आणि चंद्र क्षितिजाजवळ असताना त्याच्या रेषेत उभे राहा. आधी जागा, मग ४०० किंवा त्याहून लांब लेन्स. जवळ उभं राहून झूम केलात तर दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात आणि काहीच साधत नाही.

सुरुवातीला एकच लेन्स घ्यायची तर?

फुल फ्रेमला ३५, क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरला २३ किंवा २४. ५० स्वस्त मिळते म्हणून सगळे तीच सुचवतात, आणि दीडच्या क्रॉपवर ती ७५ होते हे सांगायचं विसरतात. मग दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. नवी लेन्स घेण्याआधी किट झूमला (कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सला) ३५ च्या खुणेवर चिकटपट्टी लावून महिनाभर वापरा. ती क्रॉप सेन्सरची १८-५५ असेल तर पट्टी २४ वर.

लांब लेन्स भाड्याने घ्यावी का?

वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्यानेच. घेताना माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी) आपल्या कॅमेऱ्याचा आहे ना ते पाहा, दुकानातच लावून अनंतावर आणि जवळ फोकस करून बघा, पुढची-मागची काच उजेडात धरा, हूड आणि ट्रायपॉडची कॉलर मागून घ्या आणि आधीचे ओरखडे पावतीवर लिहून घ्या.